‘रिलीज टाइम’: तो वेळ की ती वेळ?

रत्नागिरीहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीमचा (ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या संगणकप्रणालीचा) शेड्यूलर, म्हणजे कुठलं काम कधी चालायचं ते ठरवणारा भाग, एखादं टास्क (काम) ज्या क्षणी ‘रिलीज’ करतो, त्या ‘रिलीज टाइम’ला मराठीत काय म्हणावं? तिला मिळालेल्या टिपणात ‘विमोचन समय’ आहे, मैत्रिणीने ‘आरंभवेळ’ सुचवली आहे. ‘जिटर’लाही, म्हणजे ती वेळ दर खेपेला थोडी इकडेतिकडे होते त्यालाही, शब्द हवाय.

विमोचन करतात पुस्तकाचं, आणि तेही ‘प्रकाशन’ हा धडधाकट शब्द हाताशी असताना. आरंभवेळ तर साफ चूक. टास्क रिलीज झालं म्हणजे चालू झालं असं नव्हे, चालायला मोकळं झालं एवढंच. प्रोसेसरवर वरच्या प्राधान्याचं काम बसलेलं असेल तर याला रांगेत उभं राहावं लागतं. होडीचा दोर सुटला तरी पुढच्या होड्या खाडीच्या मुखाबाहेर पडेपर्यंत थांबावंच लागतं ना? तसं. म्हणून ‘सुटण्याची वेळ’. हे ‘सुटणं’ प्राकृतातल्या ‘छुट्टइ’चं, ‘मच्छ’चा मासा झाला त्याच वाटेने इथेही छचा स झाला. हिंदीत ‘छूटना’ तसंच राहिलं.

पण खरी गंमत ‘टाइम’मध्ये आहे, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

मराठीत वेळ दोन लिंगांत चालतो. तो वेळ म्हणजे अवधी, ती वेळ म्हणजे नेमका क्षण. ‘जायची वेळ झाली’ म्हणजे उठा. ‘यायला वेळ झाला’ म्हणजे उशीर. सूत्रसंचालक हल्ली ‘आपली अमूल्य वेळ दिल्याबद्दल’ आभार मानतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. अहो, वेळ दिला! वेळ देतात ती डॉक्टरांच्या दवाखान्यात, साडेपाचची.

या दोन लिंगांवर आख्खा शेड्यूलर उभा आहे. काम पुरं व्हायला लागतो तो वेळ. सुटायची असते ती वेळ. फ्री-आरटीओएस या अशाच एका रिअल-टाइम सिस्टीममध्ये ‘व्हीटास्कडिले’ आणि ‘व्हीटास्कडिलेअंटिल’ अशा दोन सोयी आहेत. पहिलीला तुम्ही वेळ सांगता, ‘आत्तापासून इतका थांब’. दुसरीला मागची सुटण्याची वेळ आणि आवर्तन देता, त्यावरून पुढची वेळ ठरते. समजा काम दर 10 मिलिसेकंदांनी व्हायला हवं आणि त्याला 3 मिलिसेकंद लागतात. काम संपल्यावर पहिल्या रीतीने 10 थांबलात, तर फेरी 13ची झाली आणि शंभर फेऱ्यांत 300 मिलिसेकंद मागे पडलात. पलीकडे पोचल्यावर अर्धा तास विडी ओढून मगच परत सुटणारा तरीवाला (माणसं पार नेणारा होडीवाला) असतो, त्याची शेवटची फेरी नेहमी अंधारात. दुसऱ्या रीतीचा तरीवाला पाचला म्हणजे पाचला सुटतो, मग अलीकडे कधी का लागेना.

आणि ही दुसरी रीत म्हणजे भरती. आता मुद्द्यावर आलो.

संस्कृत ‘वेला’ म्हणजे काय? अमरकोशाने तीन अर्थ दिलेत: समुद्राच्या पाण्याची चढउतार, काळ आणि मर्यादा. पाणी पहिलं! काही व्युत्पत्तिकार ‘मर्यादा’ मूळ धरतात आणि मर्यादेवरून किनारा, किनाऱ्यावरून भरती अशी उतरंड लावतात. लावोत बापडे. त्यांनी पुण्यात बसून मर्यादा पाहिली, खाडी पाहिली नाही. घड्याळ नव्हतं तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला क्षण कळायचा तो पाण्यावरूनच. आजही तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास हाती येतो, चतुर्थीला तीन. भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते आणि तुमचं जाळं ओढून झालं की नाही, हे विचारत नाही. ती चुकली तर होडी चिखलात, पुढच्या भरतीपर्यंत. इंग्रजीत प्रवास उलटा झाला, त्यांचा ‘टाइड’ आधी काळ होता, पाणी मागाहून. विरोधक या दाखल्यावर उड्या मारतात. मारू देत, तिकडचं पाणी इकडे कशाला?

पुरावा हवा तर गोव्यात जा. कोंकणीत ‘वेळार’ म्हणजे वेळेवर आणि ‘वेळेर’ म्हणजे पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर! तिथेही वेळ पुल्लिंगी तो काळ, स्त्रीलिंगी ती किनारपट्टी. शिरोड्याचं वेळागर घ्या, पुळणीला लागून आगर. गुहागरजवळच्या वेळणेश्वरात आणि कासवांच्या वेळासमध्येही मला तीच वेला ऐकू येते. घरचे म्हणतात, तुम्हाला कुकरच्या शिटीतही ऐकू येईल.

असो, शेड्यूलर. सुटण्याच्या वेळा ताब्यात ठेवायच्या कशासाठी, तर सगळी टास्कं एकदम सुटू नयेत म्हणून. लिऊ आणि लेलँड या संगणकशास्त्रज्ञांनी 1973 साली दाखवून दिलं की स्थिर प्राधान्याच्या पद्धतीत एखाद्या कामाची सर्वांत वाईट गत होते, ती ते वरच्या प्राधान्याच्या सगळ्या कामांबरोबर एकाच क्षणी सुटलं तर. पावसाळी मासेमारीबंदी उठली की 1 ऑगस्टला हर्णै बंदरात उभं राहून बघा. म्हणून पहिल्या सुटण्याच्या वेळा थोड्या थोड्या सरकवून ठेवतात. त्या ‘ऑफसेट’ला सरळ ‘सरक’ म्हणावं. आणि एक: टास्क वेळेवर सुटायला हवं, वेळेत संपायला हवं. ‘वेळेवर’ म्हणजे त्या क्षणी, ‘वेळेत’ म्हणजे मुदतीच्या आत. ‘प्रोग्रॅम वेळेत सुरू झाला’ असं कुणी म्हणालं, तर किती वाजेपर्यंत चाललं असतं ते विचारा.

जिटर राहिलाच. त्याला मी ‘मागंपुढं’ म्हणतो: सुटण्याचं मागंपुढं, 2 मिलिसेकंद.