दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश बॉम्बर वैमानिक लेनर्ड चेशायर यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक नेमकं कोणत्या हल्ल्यासाठी मिळालं?

कोणत्याही एका हल्ल्यासाठी नाही, आणि हेच त्यांच्या पदकाचं वेगळेपण. १९४० ते १९४४ या चार वर्षांत केलेल्या १०० मोहिमांसाठी ते दिलं गेलं.

सुरुवात व्हिटली या बॉम्बर विमानावर झाली. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीवर असताना विमानात स्फोट झाला, आग लागली, एका बाजूला मोठं भगदाड पडलं. तरीही त्यांनी ते इंग्लंडला परत आणून उतरवलं. पुढे हॅलिफॅक्स हे मोठं बॉम्बर विमान, मग पंचविशीतच ग्रुप कॅप्टन हा वरचा हुद्दा. पण खुर्चीत मन रमेना, म्हणून एक हुद्दा खाली उतरून त्यांनी ६१७ स्क्वाड्रन या बॉम्बर तुकडीचं नेतृत्व घेतलं.

माझ्या मते खरी कमाल इथली. मागच्या विमानांना लक्ष्य दाखवणारी निशाणी उंचावरून टाकली की बॉम्ब भलतीकडेच पडायचे, म्हणून हे गृहस्थ स्वतः विमान अगदी खाली नेऊन लक्ष्यावर निशाणीचे दिवे टाकायचे. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर मॉस्किटो या हलक्या, वेगवान विमानातून तेच केलं. जूनमध्ये मस्टँग हे लढाऊ विमान मिळालं, तर त्यातलं त्यांचं पहिलंच उड्डाण थेट मोहिमेवर! सरावबिराव काही नाही.

९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटिश निरीक्षक म्हणून ते सोबतच्या विमानात होते.