वडिलांचा फोन बंद करू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना. तुमचे वडील 31 वर्षं एका दुर्गम गावात ख्रिस्ती मिशनची सेवा करून गेल्या पावसाळ्यात निवृत्त झाले, आता तुमच्याकडे मालाडला असतात. गावच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चच्या माणसांचे, रोज फोन येतात, वडील तासन्‌तास बोलतात, तिथले नवे पाळक (चर्चचे धर्मगुरू) त्यामुळे दुखावलेत आणि मिशनच्या ऑफिसातून "जरा आवरा" असा निरोप आलाय. फोन बंदच करायला सांगू का, असं तुम्ही विचारलंत.

बंद करू नका. मी याच वाटेने आलोय म्हणून सांगतो. 26 वर्षं नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या वर सातपुड्यातल्या एका पाड्यावर पाळक होतो. निवृत्त होऊन 9 वर्षं झाली, कांदिवलीला मुलाकडे राहतो.

आधी वडिलांची बाजू समजून घ्या. दुसऱ्या नोकरीत माणूस निवृत्त झाला तर ऑफिस सुटतं. घर, शेजार, ओळखी राहतात. आमचं घर मिशनचं. ज्या दिवशी चार्ज दिला त्या दिवशी घर, अंगण, हातानं लावलेला आंबा, सगळं सोडून निघायचं असतं. पाड्यावर पहाटे कुणीतरी दाराशी उभं असायचं. कुणाला विंचू चावलाय, कुणाची गाय व्यायला झालीय, कुणाला तहसीलचा कागद वाचून हवाय. इथे सातव्या मजल्यावर पहिले सहा महिने मी पहाटे चारला उठून दाराकडे बघत बसायचो. "सलाम साहेब" म्हणणारं कुणी नाही. अशा माणसाच्या हातातला फोन काढून घेतला तर तो आजारी पडेल.

पण नवे पाळक दुखावलेत तेही खोटं नसणार. माझ्याकडून काय झालं ते सांगतो, म्हणजे वडिलांना वाचून दाखवता येईल.

पहिल्याच वर्षी एका बापाचा फोन आला. मुलीचं लग्न ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात धरलं होतं. नवे पाळक म्हणाले, ईस्टरनंतर करा. त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "माझ्या वेळी एकदा आपण केलं होतं की." एवढंच. त्या रविवारी तो उपासनेत उभा राहून म्हणाला, मोठ्या साहेबांनी परवानगी दिलीय. तरुण पाळक सगळ्यांसमोर गप्प झाला. सतरा घरांची मंडळी, त्यातली सात घरं प्रभुभोजनाला यायची थांबली, ती पाच महिने आली नाहीत. ज्या मंडळीसाठी आयुष्य घातलं तिच्यात फूट माझ्या एका वाक्याने पाडली होती. मी गाडी धरली, सुरतमार्गे नंदुरबार, मग शहाद्याहून एसटीने घाट चढून धडगाव, पुढे जीप आणि शेवटी पायी. रविवारी मंडळीसमोर उभा राहिलो आणि त्या मुलाची, म्हणजे पाळकसाहेबांची, नाव घेऊन क्षमा मागितली.

तेव्हापासून लग्न, बाप्तिस्मा, शिस्त, जमीन आणि पैसा या विषयांवर मी तोंड उघडत नाही. कुणी काढलंच तर "पाळकसाहेबांना विचार" म्हणतो आणि त्याच्या शेळ्यांची चौकशी करतो. तक्रारी इकडून तिकडे पोचवत नाही. लहान मुलाला किंवा बाईला इजा होत असेल, तर मात्र गप्प बसायचं नाही, ज्याला कळवायला हवं त्याला त्याच दिवशी कळवायचं.

आणि फोनचा क्रम बदलला. शनिवारी संध्याकाळी पहिला फोन पाळकांना. उद्या कोणता शास्त्रभाग घेताय, मुलांचा ताप उतरला का, पत्नीची बदली झाली का. दहा मिनिटं. सल्ला देत नाही, त्यांनी मागितला तरच. दोन वर्षांनी त्यांनी मागायला सुरुवात केली. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय ना, मी लावलं, नंतर आलेल्या अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवणारा देव. पाणी घालणाऱ्याच्या हातातली झारी आपण ओढायची नाही.

आता पत्राचं सांगतो, कारण माझ्या मते वडिलांसाठी खरा उपाय तोच आहे. फोन कुणाकडे असतो? तरुण पोरांकडे. आमच्या पाड्यावर रेंजसाठी धारेवरच्या मोहाच्या झाडापर्यंत चढावं लागायचं. म्हाताऱ्या बाया कुठे चढणार? म्हणजे फोनवर सतरातली चार-पाच घरंच सापडतात, आणि पुष्कळदा गाऱ्हाणं असलेलीच. म्हणून मी महिन्याला एक पत्र लिहितो. एकच कागद, मोठं अक्षर, पाकिटावर नाव पाळकांचं. ते पहिल्या रविवारी सूचनांच्या वेळी वाचतात आणि पावरीत, म्हणजे तिथल्या बोलीत, समजावतात. पत्र त्यांच्या तोंडून जातं, त्यामुळे मी त्यांच्या मागे उभा दिसतो, समोर नाही.

पत्रात प्रवचन नको, नावं हवीत. पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वडिलांनी शंभरदा वाचला असेल. पौल तोवर रोमला गेलाही नव्हता, तरी वीसहून जास्त माणसांना नावाने सलाम धाडतो, एकाच्या आईला तर स्वतःची आई म्हणतो. मी एका वहीत घरं मांडली आहेत, रोज एक घर प्रार्थनेत घेतो. मग पत्रात आपोआप येतं: अमक्याच्या विहिरीला पाणी लागलं का, अमकीचा गुडघा कसा आहे, आश्रमशाळेतला पोरगा दहावीला बसला का.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा एका आजीने कुडाच्या भिंतीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत रेशनकार्ड आणि माझी नऊ पत्रं. वाचून झाल्यावर पाळकांकडून मागून नेलेली. तिला अक्षर येत नाही. घड्यांवर कागद फाटायला आला होता, एकावर हळदीचं बोट उमटलेलं. तिने प्रत्येक पत्र उलगडून मला विचारलं, "माझं नाव कुठं?" मी दाखवलं की त्यावर बोट ठेवायची, थोडा वेळ तसंच ठेवायची आणि मग पुढचं पत्र. दोन पत्रांत तिचं नाव नव्हतं. ती काही बोलली नाही. आता मी वही समोर ठेवून खुणा करतो, कुणी सुटता कामा नये.

गावी जायचं तर पाळकांनी बोलावल्यावर, आणि उतरायचं त्यांच्याच घरी. नाताळ टाळा, तो दिवस त्यांचा. आमच्याकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातला मजुरीला आणि ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं. होळीला सगळे परततात. मी होळीच्या सुमारास जातो, मागच्या सतरंजीवर बसतो. निघताना पिशवीत आमचूर असतोच, नको म्हणायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. माणसा-माणसाला पाठवू नका, त्याने घराघरात तेढ येते. द्यायचे ते मंडळीच्या खात्यात, खजिनदाराच्या पावतीने. तुमचा भाऊ अमेरिकेतून द्यायचं म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय, तिथे फार जपा. परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच जमा व्हावी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला ती दुसरीकडे वळवताही येत नाही. चांगल्या मनाने केलेल्या घोळाचा त्रास गावातल्या पाळकांना होईल. गावकऱ्यांचे फोटो नावानिशी ग्रुपवर टाकणंही थांबवायला सांगा.

वडील इथे कुठल्या मंडळीत जातात ते तुम्ही लिहिलं नाही. जात नसतील तर तिथेच दुखणं आहे. ज्याला इथे मंडळी नाही तो तिथली सोडू शकत नाही. मराठी मंडळ्या मुंबईत आहेत, आणि मूळ फार जुनं आहे: अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले आणि 1826 साली गावोगावच्या दौऱ्यावर असतानाच पटकीने गेले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही 1895 साली मुंबईतच झाला. त्यांची जी भजनं आम्ही पाड्यावर ढोलावर म्हणायचो तीच भायखळ्याला पेटीवर ऐकली आणि पहिल्यांदा वाटलं, आपण अगदीच परक्या ठिकाणी नाही.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं. गाव उपचारांसाठी मुंबईत येतं. टाटात, केईएमला, जेजेला. डॉक्टर हिंदीत विचारतात, म्हातारा पावरीत उत्तर देतो, मध्ये कुणी नाही. निघण्याआधीच मी पाळकांना सांगून ठेवतो: मूळ रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट, धडगावच्या दवाखान्याची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत. कागद राहिला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोफत उपचार मिळवण्यासाठी पुन्हा सातपुडा गाठावा लागतो. टाटात फाईल निघाली की समाजसेवा विभागात जायचं, राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करायची. बाकी वेळ बाकावर शेजारी बसायचं, त्याच्या भाषेत बोलायचं. तुमच्या वडिलांना त्यांच्या भागाची बोली येते. मुंबईच्या दवाखान्यांत ती येणारी माणसं किती असतील?

येत्या मंगळवारी आमच्याकडचे एक आजोबा टाटात तपासणीला येताहेत. घशाचं आहे, घाबरलेत. मी सकाळी साडेसातला परळला असेन. वडिलांना यावंसं वाटलं तर मला इथेच निरोप टाका, स्टेशनबाहेर थांबतो. त्यांना माझा सलाम सांगा.