चिमुकले तारामासे : मारण्याआधी रात्री टॉर्च लावून पाहा

प्रश्न : घरी १२० लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी आहे, सात महिने झाले. दोन महिन्यांपासून काचेवर तुरीच्या डाळीएवढे करडे-पांढरे तारामासे दिसतात. काल चाळीस मोजले. झोआंची (कोरलच्या जातकुळीतल्या फुलासारख्या जीवांची) एक वसाहतही हल्ली अर्धीच उघडते. दुकानदार म्हणतो, सगळे काढून टाका. ते खरेच घातक असतात का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुतेक वेळा नाही. तुमच्या वर्णनावरून हे अ‍ॅस्टेरिना नावाचे छोटे तारामासे दिसतात. लाइव्ह रॉकबरोबर (समुद्री जीव वसलेल्या दगडाबरोबर) किंवा कोरल ज्या छोट्या बैठकीवर चिकटवतात त्या प्लगला चिकटून ते घरात येतात. त्यांचे हात आखूड आणि कमी-जास्त लांबीचे असतात. कुणाला दोन मोठे आणि तीन इवलेसे, तर कुणाला सहा. हा रोग नव्हे. हा प्राणी मधोमध फाटून दोन होतो आणि उरलेले हात मागाहून वाढवतो. त्यामुळे एकट्या तारामाशापासूनही टाकी भरू शकते.

त्यांचे मुख्य खाणे म्हणजे काचेवरचा आणि दगडावरचा शेवाळाचा, जिवाणूंचा पातळ थर. खाताना ते जठर तोंडातून बाहेर काढून पृष्ठभागावर पसरतात आणि अन्न तिथेच पचवतात. ते सरकल्यावर जांभळ्या कोरलाइन शेवाळावर फिकट ठिपका राहतो तो यामुळेच. या गटात अनेक जाती आहेत, त्या डोळ्यांनी ओळखणे अवघड, आणि त्यांतल्या काही झोआ खाताना आढळल्या आहेत. म्हणून ‘सगळे निरुपद्रवी’ हेही खरे नाही आणि ‘सगळे काढा’ हेही नाही.

निवाडा रात्री होतो. टाकीतले दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून पाहा. तारामासे काचेवर आणि मोकळ्या दगडावर असतील तर त्यांना राहू द्या. तीच वसाहत रोज रात्री गाठत असतील, तर लांब प्लास्टिकच्या चिमट्याने एकेक उचला आणि खालची जागा बघा. मांस विरघळल्यासारखे, देठ उघडे पडलेले दिसले तर संशय पक्का. पण आधीच मरू घातलेल्या पॉलिपवर (वसाहतीतल्या एकेका जीवावर) ते सडके खायलाही जमतात, त्यामुळे एका रात्रीवरून शिक्षा ठोठावू नका.

खात्रीच हवी असेल तर टाकीतच जाळीचे दोन ब्रीडिंग बॉक्स टांगा. दोन्हींत तीन-चार पॉलिपांचा निरोगी तुकडा आणि शेवाळ धरलेला छोटा दगड ठेवा. एकात त्या वसाहतीवरचे तीन तारामासे सोडा, दुसऱ्यात एकही नको. पाच रात्री थांबा आणि दोन्ही तुकडे ताडून पाहा. शेवाळाचा दगड विसरू नका. उपाशी ठेवलेल्या तारामाशाने झोआ खाल्ला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

या पाच दिवसांत क्षारता तपासा. झोआ अर्धेच उघडतात त्याबाबत आमचा पहिला संशय तिच्यावरच आहे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते. टाकीवर पंखा लावला की दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी सहज उडते, मीठ मात्र मागेच राहते. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे घनता साधारण १.०२६ हवी. घटलेले पाणी रोज गोड्या पाण्यानेच भरा. ते नळाचे नको, आणि स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचेही नको. पाण्याला चव यावी म्हणून त्या यंत्रात बरेचदा क्षार परत मिसळतात. डीआय काडतूस (उरलेसुरले क्षार काढणारे) लावलेल्या आरओचे, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारे पाणी घ्या. तापमान २५-२६ अंशांवर ठेवा.

चाळीसचा आकडा मुख्यतः तुम्ही किती खाऊ घालता ते सांगतो. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवून, गाळणीत धुऊन, मासे दोन मिनिटांत संपवतील इतकेच द्या. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम पुरे. ते शून्यावर आणायचा हट्ट धरू नका, त्याने तपकिरी डायनो शेवाळाचा त्रास मागे लागतो.

काढायचेच ठरले तर दर आठवड्याला १२ लिटर पाणी बदलताना बोटाएवढ्या जाड नळीने त्यांना शोषून बादलीत घ्या. दगडावर चिरडू नका, फाटलेल्या तुकड्यांतून नवे उभे राहू शकतात. तांब्याचे औषध अजिबात नको. त्याने कोळंबी, गोगलगायी आणि कोरल सगळेच मरतात. झोआंजवळ काम करताना हातमोजे आणि गॉगल घाला. काही झोआंमध्ये, त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआंत तर जास्तच, पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतूनही घरच्यांना विषबाधा होते.

प्रश्न : हार्लेक्विन कोळंबी आणली तर हे तारामासे संपतील का? — एक वाचक, वानवडी

उत्तर : संपतील, आणि मग ती कोळंबी उपाशी मरेल. तारामाशांशिवाय ती जवळपास काहीच खात नाही. शोभेसाठी आणलेला निळा लिंकिया तारामासाही ती सोडणार नाही. लोक मग तिच्यासाठी चॉकलेट चिप तारामासा विकत आणतात आणि त्याचा एकेक हात तोडून घालतात. काचेवरचे ठिपके खटकतात म्हणून हे करणे आम्हाला पटत नाही. कुणाकडून महिन्याभरासाठी उसनी मिळाली आणि परत देण्याची खात्री असली, तरच आणा.

प्रश्न : फिल्टरचा स्पंज पिळताना केसासारख्या बारीक, वळवळत्या हातांचे तारे निघाले. नळाखाली धुऊन टाकू का? — एक वाचक, औंध

उत्तर : थांबा, ते वेगळे आहेत. गोल चकतीसारखे इवलेसे अंग आणि लांब सापासारखे हात असलेले हे ब्रिटल स्टार. फटीत राहून ते उरलेसुरले अन्न खातात, कोरलला हात लावत नाहीत. स्पंज नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत पिळा आणि ते पाणी पाच मिनिटे स्थिर ठेवा. तारे तळाशी बसले की चमच्याने उचलून संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) परत सोडा. जास्त झाले तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. कोकणात सहलीला जाताना बाटलीत घालून समुद्रात मात्र सोडू नका, कारण हे जीव बरेचदा परदेशातून आलेल्या दगडांबरोबर येतात.