वाहतूकक्षमता की गम्यता?

विचारणा अशी आहे: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका अनुवादात 'लष्करी भूगर्भशास्त्रज्ञांनी भूप्रदेशाची वाहतूकक्षमता तपासली' असं वाक्य आहे. मूळ शब्द 'ट्रॅफिकेबिलिटी', म्हणजे उघड्या जमिनीवरून गाड्या न रुतता जाऊ शकतील का ते. वाहतूकक्षमता चालेल का? आणि जमीन बघायला भूगर्भशास्त्रज्ञ कशाला?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण गोंधळ 'गर्भ' या शब्दानं केला आहे. गर्भ म्हटलं की खूप खोलातलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. सैन्याला कधीकधी तेही लागतं. पहिल्या महायुद्धात, ७ जून १९१७ ला बेल्जियममधल्या मेसीनच्या टेकडीवर ब्रिटिशांनी जर्मन मोर्च्यांखाली १९ प्रचंड सुरुंग उडवले. तिथे वर पाण्यानं भिजलेली वाळू आणि खाली निळसर चिकणमाती होती. वाळूत बोगदा खणला तर तो पाण्यानं भरणार, चिकणमातीत टिकणार. कोणता थर किती खोल, पाणी कुठवर चढतं, हे सांगणाऱ्यांत एजवर्थ डेव्हिड हे ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिक होते. खणून काढलेली निळी मातीसुद्धा लपवावी लागे, नाहीतर बोगदे किती खोल चाललेत ते शत्रूला नुसत्या रंगावरून कळलं असतं. (इथे मराठीची सोय बघा: 'सुरुंग' म्हणजे भुयारही आणि त्यात ठासलेली दारूही.)

पण विहीर कुठे खणावी, धावपट्टी कुठे करावी, रणगाडे कुठून न्यावेत, यासाठी बघायची ती बहुतेकदा वरची हात-दोन हात माती नाहीतर जवळचाच खडक. म्हणून मी 'भूवैज्ञानिक' लिहीन. भूगर्भशास्त्रज्ञ चूक नाही, पण तुम्हाला पडलेला प्रश्न तुमच्या वाचकालाही पडेल.

आता मुख्य शब्द. वाहतूकक्षमता म्हटलं की रस्ता दिसतो: तासाला किती गाड्या जातात, कोंडी होते का. इथे तर रस्ताच नाही. काहीजण 'भारधारणक्षमता' सुचवतात. तो शब्द चांगला आहे, पण पायाखालच्या जमिनीसाठी, जिथे इमारत एकाच जागी उभी असते. ट्रॅफिकेबिलिटीत भार सरकता असतो आणि पुन्हा पुन्हा येतो. पहिली गाडी बिनबोभाट जाते, दहावी आसापर्यंत रुतते, कारण ओली बारीक माती चाकांखाली तिंबली की तिचं बळ ओसरतं. म्हणून शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबून तिचा रोध मोजतात, शिवाय माती मळल्यावर त्यातला किती उरतो तेही पाहतात. आणि हे सगळं एका पावसात बदलतं!

मला 'गम्यता' योग्य वाटतो. दुर्गम, सुगम, अगम्य हे शब्द आपल्याकडे आहेतच, 'दुर्ग'सुद्धा त्याच 'गम्' (जाणं) या धातूतला, म्हणजे जिथे जाणं कठीण तो. गंमत अशी की गाड्या कुठून जाऊ शकतील हे दाखवणाऱ्या नकाशांना ब्रिटिश सैन्य 'गोइंग मॅप' म्हणे, म्हणजे थेट 'गम्'. अडचण एकच: 'मला त्यात गम्य नाही' असं आपण म्हणतो, तिथे गम्य म्हणजे समज. त्यामुळे एकटं 'गम्यता' लिहिलं तर वाचक अडखळेल. 'जमिनीची गम्यता' किंवा 'भूगम्यता' लिहा.

तुमचा अनुवाद फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईचा असेल, तर उदाहरण हाताशी आहे. तिथल्या वाळूखाली मऊ चिकणमाती आणि कुजलेल्या वनस्पतींचे थर असल्याची शंका होती. १९४३ च्या शेवटच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्याला लागले आणि गिरमिटानं नमुने काढून परतले. पुढे मऊ पट्ट्यांवर कापडी चटई अंथरत जाणारे खास रणगाडेच तयार करण्यात आले.

'भूप्रदेश' मात्र काढा. त्यानं विदर्भ-कोकणासारखा मुलूख वाटतो. साधं 'जमीन' पुरे. वाक्य असं होईल: 'लष्कराच्या भूवैज्ञानिकांनी जमिनीची गम्यता तपासली.' आणि ललित मजकूर असेल तर गम्यताही नको: 'गाड्या रुततील का, हे भूवैज्ञानिकांनी पाहून घेतलं.'