मांजराच्या डोळ्यातले पाणी : ॲलर्जी की जुना विषाणू?

प्रश्न : आमचा बोका चार वर्षांचा आहे. दर वर्षी हवा बदलण्याच्या सुमारास त्याचा डावा डोळा पाणावतो, कडेला पिवळसर चिपडे साचतात आणि तो दिवसातून चार-पाच वेळा शिंकतो. याच दिवसांत आम्ही सुट्टीसाठी बाहेरगावी जातो आणि त्याला प्राणी सांभाळणाऱ्यांकडे ठेवतो. परत आल्यावर काही दिवसांत हा त्रास सुरू होतो. ही परागकणांची ॲलर्जी असावी, असे ओळखीचे लोक सांगतात. घरात कोणाच्या तरी डोळ्यांसाठी आणलेले थेंब शिल्लक आहेत. ते त्याला घातले तर चालतील का?

उत्तर : ते थेंब कृपया घालू नका. त्याचे कारण पुढे येईलच. आधी निदानाविषयी लिहितो, कारण मांजराच्या डोळ्यांच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान घाईने ठरवलेल्या निदानामुळे होते.

त्रास ठरावीक ऋतूत होतो एवढ्यावरून तो ॲलर्जीचा ठरत नाही. हवेतले परागकण दोन्ही डोळ्यांपर्यंत सारखेच पोहोचतात, त्यामुळे ॲलर्जीत बहुधा दोन्ही डोळे लालसर होतात आणि त्यातून पातळ, पारदर्शक पाणी येते. आपल्या बोक्याचा मात्र दर वेळी एकच, तोही तोच डोळा बिघडतो. शिवाय माणसाला परागकणांनी जसे नाक-डोळ्यांचे विकार होतात, तशी मांजराची ॲलर्जी सहसा प्रकट होत नाही. ती प्रामुख्याने त्वचेवर दिसते. आपण खाजेचा उल्लेखही केलेला नाही. माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील ऋतूचा नसून सुट्टीचा आहे.

मांजरांत हर्पिस विषाणूचा संसर्ग अतिशय सर्रास आढळतो आणि तो बहुतेक वेळा पिल्लू असतानाच, आईकडून किंवा सोबतच्या पिल्लांकडून होतो. सर्दी, शिंका आणि डोळ्यांतील स्राव ही त्याची पहिली लक्षणे दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. परंतु विषाणू शरीरातून जात नाही, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत सुप्तावस्थेत राहतो. मांजराला ताण आला, म्हणजे जागा बदलली, अनोळखी माणसे किंवा प्राणी आले, प्रवास घडला, की तो पुन्हा जागा होतो आणि साधारण आठवड्याभराने लक्षणे दिसू लागतात. आपण परतल्यानंतर काही दिवसांनी डोळा बिघडतो, या आपल्या निरीक्षणाशी हे नेमके जुळते. अर्थात केवळ पत्रावरून मी खात्रीने निदान करू शकत नाही, पण पशुवैद्यांना हा कालक्रम जरूर सांगा. पुढच्या वर्षी बोक्याला त्याच्याच घरात ठेवून ओळखीच्या माणसाने दिवसातून दोनदा येऊन पाहण्याची व्यवस्था करता आली, तर तुलनाही आपोआप होईल.

आता थेंबांविषयी. माणसांच्या डोळ्यांच्या अनेक औषधांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असते. त्याने लाली एक-दोन दिवसांत कमी होते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात स्टेरॉइड डोळ्याची स्थानिक प्रतिकारशक्ती दडपते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, व्रण असेल तर तो अशाने खोल जाऊ शकतो आणि डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. नुसती लाली घालवणारे जे थेंब माणसांसाठी मिळतात, त्यांतील रक्तवाहिन्या आकुंचित करणारी द्रव्ये मांजराला विषारी ठरतात, मग ते थेंब डोळ्यात घातलेले असोत वा चाटून पोटात गेलेले असोत. नियोमायसीन हे प्रतिजैविक असलेल्या डोळ्यांच्या औषधांनी क्वचित मांजरांना तीव्र, जीवघेणी प्रतिक्रिया आल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून जुनी बाटली वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

पशुवैद्य डोळ्यात फ्लोरेसिन नावाचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात. व्रण असेल तर तेवढा भाग हिरवा चमकतो, आणि फांद्यांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर हर्पिसचे निदान जवळपास पक्के होते. तपासणीला काही मिनिटेच लागतात आणि स्टेरॉइडचा विचार तिच्याशिवाय करू नये, असा माझा आग्रह आहे. नमुन्यातील विषाणूची प्रयोगशाळेतील चाचणी उपयोगी असली तरी निर्णायक नसते, कारण निरोगी दिसणारी मांजरेही अधूनमधून हा विषाणू बाहेर टाकतात. हर्पिसच ठरला आणि त्रास तीव्र असला, तर फॅमसायक्लोव्हिर हे पोटात द्यायचे औषध आज मांजरांत वापरले जाते; त्याच कुळातले व्हॅलासायक्लोव्हिर मात्र मांजराला घातक आहे, त्यामुळे नावातील साम्यावर विसंबून काहीही देऊ नये. लायसिन हे अमिनो आम्ल पूर्वी मोठ्या प्रमाणावर सुचवले जाई. उपलब्ध अभ्यासांचा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा त्याच्या बाजूने नव्हता, आणि मीही ते सुचवत नाही.

पशुवैद्यांकडे जाईपर्यंत उकळून थंड केलेल्या पाण्यात किंवा निर्जंतुक सलाइनमध्ये मऊ, धागे न सुटणारे कापड भिजवून चिपडे आधी सैल होऊ द्यावीत, मग नाकाकडून बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने पुसावे. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा तुकडा घ्यावा. बोका डोळा मिटून घेत असेल, प्रकाश टाळत असेल, कॉर्निया धुरकट दिसत असेल, दोन बाहुल्या लहान-मोठ्या असतील किंवा तिसरी पापणी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरकणारा पातळ पडदा, अर्ध्या डोळ्यावर आली असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. मांजर वेदना लपवते. डोळा किलकिला करणे हेच पुष्कळदा तिचे एकमेव चिन्ह असते.

प्रश्न : माझ्या मांजरीचे दोन्ही डोळे वर्षातले ठरावीक दोन-तीन महिने लालसर होतात व पाणावतात. त्याच काळात ती तोंड आणि मान खाजवते, आणि पोट इतके चाटते की तिथले केस विरळ झाले आहेत. डोळ्यांची तपासणी झाली, व्रण नाही. ही तरी ॲलर्जी आहे का? मी स्वतः घेते ती ॲलर्जीची गोळी तिला देता येईल का?

उत्तर : आपल्या मांजरीचे चित्र ॲलर्जीशी खरोखर जुळते : दोन्ही डोळे, पातळ पाणी, डोक्या-मानेची खाज आणि अति चाटण्याने विरळ झालेले केस. तरीही परागकणांवर येण्यापूर्वी पिसवांचा विचार करावा लागतो. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजरीला थोड्याशा चाव्यांनीही तीव्र खाज येते, आणि उबदार, दमट दिवसांत पिसवा वाढत असल्याने हा त्रासही ऋतूनुसार येतो. पिसू अंगावर दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही, कारण चाटणारी मांजर ती गिळून टाकते. म्हणून पिसवांवरचा उपचार मांजरांसाठीच बनवलेल्या औषधाने, घरातील सर्व प्राण्यांवर आणि सलग काही महिने करावा. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते व ते मांजराला प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे वेष्टन वाचल्याशिवाय काही लावू नये. त्रास वर्षभर असता तर सुमारे 8 आठवडे नियंत्रित आहार देऊन अन्नाची ॲलर्जी तपासावी लागली असती; आपल्या बाबतीत ती शक्यता मागे पडते.

आपली गोळी मात्र देऊ नका. मांजरांत अशा गोळ्यांचा उपयोग मर्यादितच दिसतो, आणि सर्दी व ॲलर्जीच्या मिश्र गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन हे चोंदलेले नाक मोकळे करणारे द्रव्य किंवा पॅरासिटामॉल असू शकते. पॅरासिटामॉलची एक साधी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते निकामी करण्याची यंत्रणा तिच्या यकृतात फार दुबळी असते. खरी गरज असेल तेव्हा पशुवैद्य थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, दीर्घ काळासाठी सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाचा विचार करतात, किंवा नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे चाचणीतून शोधून त्याच घटकांचे अल्प, वाढत जाणारे डोस सुरू करतात. या शेवटच्या उपचाराला परिणाम दाखवायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. पण दर वर्षी त्रास होणाऱ्या तरुण मांजरीसाठी मला तो विचार करण्याजोगा वाटतो.

घरात करण्यासारखे बरेच आहे. त्या महिन्यांत पहाटे व वाऱ्याच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेरून आलेल्या मांजरीचे अंग आणि पंजे ओल्या कापडाने पुसावेत, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. तिच्या शौचपात्रातली माती धूळ न उडवणारी व बिनवासाची असावी. धूम्रपान, उदबत्ती आणि सुगंधी फवारे तिच्या खोलीत मुळीच नसावेत. ॲलर्जी असो वा नसो, हे सारे तिच्या डोळ्यांना झोंबते.

प्रश्न : आमच्या पर्शियन मांजरीच्या डोळ्यांखाली बाराही महिने तपकिरी डाग असतात. औषध द्यावे का?

उत्तर : डोळा उघडा, स्वच्छ आणि वेदनारहित असेल तर औषधाची गरज नाही. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रुनलिका वाकडी होते, अश्रू गालावर ओघळतात आणि त्यांतील पॉर्फिरिन हे रंगद्रव्य वाळून तपकिरी दिसते. रोज पुसून जागा कोरडी ठेवा. मात्र डाग डोळ्याखाली नसून कॉर्नियावरच तपकिरी किंवा काळा ठिपका दिसला, तर तो मृत झालेल्या ऊतीचा असू शकतो. पर्शियन मांजरांत हा विकार अधिक आढळतो, तो वेदनादायक असतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. अशा वेळी नेत्रविकारांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना लगेच दाखवा.