पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणण्याआधी

मूल हुशार आहे म्हणून थेट दोन इयत्ता पुढचं पुस्तक हातात देऊ नका. आधी चालू धड्याच्या शेवटची, सगळ्यात अवघड पाच गणितं द्या. चार-पाच बरोबर आली तर धडा सोडा. दोन-तीन आली तर अडलं तेवढंच शिकवा. एकाच छापाची वीस गणितं करायला लावली की असं मूल चुकू लागतं आणि आपल्याला वाटतं, त्याला येत नाही. येत असतं, कंटाळलेलं असतं बिचारं.

डोकं बारा वर्षांचं असलं तरी आठ वर्षांच्या मुलाची बोटं आठचीच. उत्तरं तोंडी घ्या, लिहून तुम्ही काढा. लिखाणाचा सराव वेगळा, रोज दहा मिनिटं. पण ‘३/४ मोठा की ५/७?’ याला नुसतं ‘३/४’ चालवून घेऊ नका. ‘कशावरून?’ विचारा. २१/२८ आणि २०/२८ असं आलं, की समजलंय.

सगळं पहिल्या फटक्यात जमणारं मूल अडलं की वही भिरकावतं. म्हणून आठवड्याला एक कोडं एका बैठकीत न सुटणारं द्या, तसं आधीच सांगा. तिसऱ्या दिवशी हवं तर एखादी खूण द्या. उत्तर मात्र देऊ नका.