पुस्तकी मूल्याच्या खाली मिळणारा आयटी शेअर : सहा लाख टाकावेत का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, माल बहुतेक अमेरिकेला जातो. जुने माग विकून 6 लाख रुपये हाताशी आले आहेत. एक छोटी आयटी कंपनी 84 रुपयांना मिळते आहे आणि तिचं पुस्तकी मूल्य 112 रुपये आहे, म्हणजे पी-बी (भाव भागिले पुस्तकी मूल्य) 0.75. दुसरी मोठी आयटी कंपनी मात्र पी-बी 12 ला आहे. कारखाना विकत घेताना आम्ही जागा, माग आणि सुताचा साठा धरून किंमत काढतो. त्या हिशेबाने पहिली स्वस्त वाटते. सगळे पैसे तिच्यात टाकू का? थोरला मुलगा हिंजवडीत आयटीत आहे. धाकटीच्या इंजिनिअरिंगसाठी दोन वर्षांनी अडीच लाख लागतील. छोट्या कंपनीचा वार्षिक अहवाल सोबत पाठवला आहे. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : टाकू नका. आणि पी-बी 12 आहे म्हणून मोठी कंपनी महाग, हेही लगेच मान्य करू नका.

पुस्तकी मूल्य म्हणजे भागभांडवल अधिक राखीव निधी, भागिले शेअरची संख्या. कारखान्याच्या बाबतीत हा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. माग बंद पडले तरी प्लॉटला गिऱ्हाईक असतं, लोखंड भंगारात जातं, सूत बाजारभावाने उठतं. उलट वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट पुस्तकात त्या वेळच्याच भावाने पडून असतो, त्यामुळे खरी किंमत जास्तच निघते. आयटी कंपनीत कमावतात ती माणसं आणि टिकून राहिलेले ग्राहक. ते ताळेबंदात दिसतच नाहीत, पगार त्या-त्या वर्षीच्या खर्चात जातो. सॉफ्टवेअर स्वतः बनवलं असेल तर इंड-एएस 38 या लेखा मानकाप्रमाणे संशोधनाचा खर्च लगेच नफ्यातून वजा होतो. विकासाचा खर्च मात्र ठरावीक अटी पूर्ण झाल्या की मालमत्तेत दाखवावा लागतो. अटी पूर्ण झाल्या का, हे आधी व्यवस्थापन ठरवतं, ऑडिटर नंतर तपासतो. पुस्तक फुगायला वाव मिळतो तो इथे.

आता या छोट्या कंपनीचा एकत्रित (उपकंपन्या धरून केलेला) ताळेबंद उघडू. नेटवर्थ (भागभांडवल अधिक राखीव निधी) 336 कोटी, शेअर 3 कोटी, म्हणून 112 रुपये. भागाकार बरोबर आहे. पण त्या 336 कोटींत 118 कोटी गुडविल आहे. दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेले हे पैसे. त्यावर दरवर्षी घसारा लागत नाही, तेवढी किंमत अजून उरली आहे का याची फक्त चाचणी होते, आणि चाचणीत नापास झालं की ते एका फटक्यात उडतं. एचपी या अमेरिकी कंपनीने 2011 मध्ये ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षी 8.8 अब्ज डॉलर तोटा म्हणून लिहून टाकावे लागले. आणखी 61 कोटी हे स्वतः बनवलेल्या आणि अजून बनत असलेल्या सॉफ्टवेअरचे आहेत. हे दोन्ही वजा केले की 157 कोटी उरतात, म्हणजे शेअरमागे 52 रुपये. तुम्ही 84 मोजता आहात. हाताला लागणाऱ्या मालमत्तेच्या हिशेबाने पी-बी 1.6 झाला.

त्या 157 कोटींवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, 142 कोटींची आहेत आणि वर्षाची विक्री 260 कोटींची. 142 भागिले 260 गुणिले 365, म्हणजे 199 दिवस. तुमचा एखादा व्यापारी साडेसहा महिने पैसे अडकवून बसला तर पुढची गाठोडी त्याला द्याल का? अहवालाच्या टिपांमध्ये येण्यांचं वयोमान, म्हणजे कोणते पैसे किती काळ अडकले आहेत, ते दिलेलं आहे. 2021-22 पासून ते सगळ्या कंपन्यांना सक्तीचं आहे. त्यात 46 कोटी एक वर्षाहून जुने दिसतात. त्यातले निम्मे बुडाले असं धरा, शेअरमागे 45 रुपये उरतात.

सॉफ्टवेअरचा मामला जास्त गंभीर आहे, कारण तो पुस्तकाइतकाच नफ्यालाही फुगवतो. या वर्षी 24 कोटींचे पगार खर्चात न दाखवता मालमत्तेत टाकले आहेत आणि जुन्या सॉफ्टवेअरची झीज फक्त 7 कोटी लिहिली आहे. फरक 17 कोटींचा. करपूर्व नफा 25 कोटी दाखवला आहे. ते 17 वजा केले तर 8 उरतात, कर जाऊन सहाच्या आसपास. दाखवलेला निव्वळ नफा 19 कोटी आहे. यात बेकायदा काही नाही. पण गेल्या तीन वर्षांत नफ्याची बेरीज 52 कोटी आणि व्यवसायातून आलेली रोकड मात्र 9 कोटी, हे दिसल्यावर पी-बी बघायची गरजच राहत नाही.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूनेही आहे. बँकेत 38 कोटी दाखवले आहेत आणि व्याज 2.2 कोटी मिळालं आहे, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. मुदत ठेवींशी ते जुळतं, तेव्हा रोकड खरी असावी. ही तपासणी प्रत्येक वेळी करा. सत्यम या आयटी कंपनीत जानेवारी 2009 मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच कबूल केलं की 5,040 कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्या दिवसापर्यंत ती पुस्तकात रीतसर उभी होती.

मोठ्या कंपनीचं पुस्तक याच्या उलट कारणाने बारीक दिसतं. समजा 100 कोटी नेटवर्थ आहे, 1 कोटी शेअर, पुस्तकी मूल्य 100 आणि भाव 1,000. पी-बी 10. कंपनीने 20 कोटींत 2 लाख शेअर परत घेतले. नेटवर्थ 80 कोटी झालं, शेअर 98 लाख, पुस्तकी मूल्य 81.63. भाव तोच राहिला तरी पी-बी 12.25. धंदा तसूभरही बदललेला नाही, भागधारकांना पैसे मिळाले आणि गुणोत्तर मात्र ‘महाग’ झालं. टीसीएसने 2017, 2018, 2020, 2022 आणि 2023 अशा पाच बायबॅकमध्ये मिळून 83 हजार कोटी परत केले, लाभांश वेगळाच. अशा कंपनीचं पुस्तक जाड व्हायचं कसं?

नव्या जमान्याच्या अ‍ॅप कंपन्यांत तर आणखी वेगळी गंमत असते. तिथे पुस्तक म्हणजे बरंचसं आयपीओतून आलेलं भांडवल. तोटा सुरू असेल तर ते दर तिमाहीला आटत जातं, आणि आजचा कमी पी-बी वर्षभराने आपोआप वाढलेला असतो.

मग पी-बी टाकून द्यायचा का? नाही, तो नफ्याशी जोडून वाचायचा. बँकेत तो नुसताही बराच उपयोगी पडतो, कारण तिथे पुस्तक म्हणजे मुख्यतः कर्जं आणि रोखे. आयटीत तो नेटवर्थवरच्या परताव्याशी, म्हणजे आरओईशी ताडून बघा. योग्य पी-बी काढायचं ढोबळ सूत्र असं : आरओईतून कायमचा वाढीचा दर वजा करा, आणि तुम्हाला हव्या असलेल्या परताव्यातून तोच वाढीचा दर वजा करून आलेल्या आकड्याने भागा.

छोट्या कंपनीचा आरओई 19 भागिले 336, म्हणजे 5.65 टक्के. बँकेच्या ठेवीइतकाच. एवढ्या जोखमीला किमान 13 टक्के परतावा हवा. वाढ शून्य धरली तर 5.65 भागिले 13, म्हणजे 0.43. ज्याला तुम्ही स्वस्त म्हणता तो 0.75 चा भाव या हिशेबाने महागच आहे, आणि हा कंपनीने दाखवलेल्या नफ्यावरचा हिशेब आहे, आपण दुरुस्त केलेल्या नफ्यावरचा नव्हे. मोठ्या कंपनीचा आरओई 48 टक्के आणि पीई (भाव भागिले शेअरमागचा नफा) 25. 0.48 गुणिले 25 म्हणजे 12, तुमचा पी-बी तिथूनच येतो. परतावा 12 टक्के हवा असेल तर हा भाव टिकायला वाढ कायम पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास लागते. मला हे जरा आशावादी वाटतं, पण अशक्य कोटीतलं नाही. या कंपनीत वाद घालायचा तर वाढीवर घाला, पुस्तकी मूल्यावर नको.

आकडे घेताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बऱ्याच वेबसाइट एकट्या कंपनीचं पुस्तक आणि एकत्रित नफा अशी सरमिसळ करतात. आणि बोनस किंवा स्प्लिट झाल्यावर भाव लगेच निम्मा होतो, पुस्तकी मूल्य मात्र जुनंच राहतं, मग पी-बी अचानक अर्धा दिसतो.

आता तुमच्या घराचा हिशेब. टॉवेल अमेरिकेला, मुलाचा पगार आयटीतून, म्हणजे घरात येणारा पैसा आधीच बराचसा अमेरिकी गिऱ्हाइकावर उभा आहे. 2025 मध्ये तिकडे आयातशुल्क वाढलं तेव्हा ऑर्डरींचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. भारतीय आयटीची सर्वांत मोठी बाजारपेठही तीच. शिवाय 6 लाखांत 84 च्या भावाने 7,140 च्या आसपास शेअर येतात. छोट्या शेअरला खालचं सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागलं की घेणाराच नसतो. सूत खरेदीला पैसे हवेत आणि शेअर विकत नाही, अशी गत होईल.

फीचे अडीच लाख दोन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवा, त्याला हात लावू नका. दीड लाख सुताच्या खरेदीसाठी लिक्विड फंडात (पैसे लवकर काढता येणारा म्युच्युअल फंड). उरलेल्या दोन लाखांतले सव्वा लाख निफ्टी 500 इंडेक्स फंडात, दहा महिने दरमहा साडेबारा हजार. राहिलेल्या 75 हजारांत मोठी आयटी कंपनी घ्यायची असेल तर तीन तुकड्यांत, तिमाही निकाल पाहून घ्या. वर्षाच्या आत विकली तर नफ्यावर 20 टक्के कर आहे. वर्षानंतर विकली तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, पुढे साडेबारा टक्के.

छोटी कंपनी डोक्यातून जात नसेल तर 30 सप्टेंबरचा सहामाही ताळेबंद येईपर्यंत थांबा. येणी 150 दिवसांच्या खाली आली असतील आणि व्यवसायातली रोकड नफ्याच्या निम्म्यावर तरी पोचली असेल, तर ते आकडे पाठवा. तेव्हा पुन्हा बघू.